पोटरीतला गोळा

मी पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याआधी पाय बाहेर काढून आलेला. आता याला नुसतं अडलेलं बाळंतपण म्हणतात, पण आमच्या राहुरीकडच्या वस्त्यांवर त्या काळी पायाळू माणसाला मान होता. कुणाच्या पाठीत उसण भरली, वाकता येईना, की ते माणूस कण्हत कुथत पायाळूच्या दारात यायचं, भिंतीला हात टेकून पाठमोरं उभं राहायचं, आणि पायाळूनं डाव्या पायाचा तळवा त्याच्या कमरेला लावून जरासा रेटा द्यायचा. लोक लाथ म्हणतात, पण ती लाथ नव्हे. कारण पाय लावून झाल्यावर पायाळूनं लगेच वाकायचं आणि त्या माणसाच्या पायांवर डोकं टेकवायचं. हे दुसरं काम लोक विसरतात. आमच्या आईनं मला ते कधी विसरू दिलं नाही. "आधी पाय, मंग डोकं. नुसता पाय लावला तर ती लाथच झाली," असं तिचं म्हणणं. मी चौथीत शाळा सोडलेला, पण गावचा पाटील, सोसायटीचा चेअरमन, शाळेचा हेडमास्तरसुद्धा माझ्यापुढं पाठ करून उभे राहिलेत. हेडमास्तरांना मी जरा जास्तच रेटा दिला होता, आणि त्यांनाच सगळ्यात लवकर गुण आला.

या मानाला दुसरी बाजू होती. पायाळूवर वीज पडते म्हणतात. आभाळ भरून आलं, लांब कुठं शिंगणापूरच्या अंगाला चमकलं, की आई हातातलं काम टाकून मला घरात ओढायची. मिसरूड फुटलेला, नांगर धरणारा गडी मी, पण वळवाच्या दिवसांत मला घरात बसवून ती दाराशी बसायची आणि गडगडाट थांबेपर्यंत उठायची नाही. तिची भीती खरी होती. मी हसायचो, पण उठून बाहेर गेलो असं कधी झालं नाही.

त्या उन्हाळ्यात अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अक्का म्हणजे कौसल्या, माझ्याहून मोठी, नेवाशाकडं दिलेली. दाजी तिला एसटीनं सोडायला आले आणि दुसऱ्याच दिवशी परत गेले. आमची वस्ती मुळेच्या कालव्याच्या वरच्या अंगाला, तीन खणांचं घर, पुढं पडवी, बाजूला गोठा, आणि विहिरीवर दिवसभर टकटकणारं इंजिन. ते बंद झालं की एकदम कानात पोकळी झाल्यासारखं वाटायचं, आणि मग भाकरी थापल्याचा आवाज यायचा, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा यायचा. अक्का आल्यापासून आईच्या चुलीला उसंत नव्हती. हुलग्याच्या पिठाची शेंगोळी, त्यावर लसणाची फोडणी, शिळ्या भाकरीचा काला, चिंचेचं सार. अक्काला मात्र डोहाळे मातीचे. सारवलेली चूल ओली असली की ती तिच्याजवळ जाऊन नुसता वास घेत बसायची. आई म्हणायची, "हुंग, पर खाऊ नगंस." आणि मी म्हणायचो, "खाऊ दे की, पोटात शेत पिकंल." अक्का मला पायलीचं माप फेकून मारायची.

दिवे लागले की तेल चोळायचं. आई पळीत करडीचं तेल घ्यायची, त्यात ओवा टाकायची, आणि ओवा तडतडला की पळी खाली. अक्का ज्वारीच्या पोत्याला टेकून पाय लांब करून बसायची. आई तळव्यापासून सुरू करायची. एकेक बोट ओढायचं, घोटे अंगठ्यानं गोल चोळायचे, मग पोटऱ्या खालून वर गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायच्या. मग अक्काला कुशीवर घेऊन कमर. पोटाला मात्र ती कधी हात लावू द्यायची नाही. "पोट हे देवाचं गाठुडं. त्याची गाठ त्यानंच सोडायची," म्हणायची. अक्काच्या तोंडून एक लांब सुस्कारा निघायचा, ओझ्याचा हारा डोक्यावरून उतरवल्यावर निघतो तसा, आणि ती बसल्या जागी पेंगायला लागायची. दिवसभर जे दुखायचं, कमर, मांड्या, पायात येणारे गोळे, ते सगळं आईच्या हातांखाली वितळायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

हे आज लिहायचं कारण आमची नातसून. ती पोटुशी आहे आणि मोबाईलवर बघून बघून नातवाकडून पाय चोळून घेते. नगरच्या दवाखान्यातल्या नर्सनंही तिला सांगितलं, हलक्या हातानं पाय चोळा, कमर चोळा, बरं वाटेल. मी काही त्याला विरोध करत नाही. नातू मला म्हणतो, "आजोबा, तुम्ही रोज दारात येऊन काय बघता?" मी तिचे दोन्ही पाय बघतो. दोन्ही सारखे आहेत का, एवढंच बघतो, आणि जातो. त्याला वाटतं म्हातारा भ्रमला. वाटू दे.

तर त्या उन्हाळ्यात अक्काला येऊन काही दिवस झाले आणि घरावर कसलं तरी सावट आल्यासारखं झालं. नेमकं काय ते कुणालाच सांगता आलं नसतं. टिटवी भर दुपारी ओरडायची. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि इंजिन मध्येच हवा ओढून बंद पडायला लागलं. रोज दुपारनंतर आभाळ काळंनिळं होऊन यायचं, वारा सुटायचा, आणि एक थेंब न पडता सगळं पुढं निघून जायचं. अक्काची थट्टा कमी झाली. उठताना ती भिंतीला धरायला लागली. डाव्या पायात गोळा येतो म्हणायची. गोळा येणं म्हणजे पोटरीची शीर आखडून गाठ बसणं, ते आमच्याकडं सगळ्यांनाच यायचं. उसात पाणी भरून आलेल्या माणसाला यायचं, पोटुशी बाईला तर यायचाच. तो चोळला की जातो. हा मात्र जाईना. आई जास्त चोळायला लागली. डाव्या पायाला उजव्याच्या दुप्पट.

एका शनिवारी दुपारी अक्का मला म्हणाली, "लहान्या, कमर लई भरलीया रं. लाव की तुझा पाय."

"मोठ्या भयनीला पाय लावू? नरकात जाईन."

"तू तसाबी जानारच हायेस. लाव."

ती भिंतीला हात टेकून उभी राहिली. मी तळवा तिच्या कमरेला टेकवला. रेटा दिला नाही, नुसता टेकवला, दोन जीव होते म्हणून. तीनदा टेकवला. ती म्हणाली, "बरं वाटलं." खरं का खोटं, देव जाणे. मग मी रिवाजाप्रमाणे खाली वाकलो आणि तिच्या पावलांवर डोकं ठेवलं.

तिथं मला कळलं. कपाळाची उजवी बाजू तिच्या उजव्या पावलावर होती, ती गार. आई नुकतीच अंगण शिंपडून गेलेली, त्या भुईसारखी गार. डावी बाजू तापलेली. मी डोकं तसंच ठेवून हातानं चाचपलं. डावी पोटरी दगडासारखी घट्ट, उजव्याहून जाड, आणि कातडी इतकी ताणलेली की चकचकत होती. बोट लागलं तशी अक्का किंचाळली.

"आई," मी म्हणालो, "हिचा एकच पाय तापलाय."

"तेल लावलंय त्येला. तेलानं तापतंय."

"तेल दोन्ही पायांना लावलं ना? मंग एकच कसा तापला?"

आईनं दोन्ही पावलांवर हात ठेवून बघितला. मग ती उठली आणि गावात ठकूमावशीला बोलवायला गेली.

ठकूमावशी आमच्या गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, मीसुद्धा. बुटकी, रुंद हाताची, कपाळावर आडवं गोंदण. ती आली तेव्हा आभाळ पुन्हा भरत होतं. तिनं अक्काची पोटरी दोन्ही हातांच्या मुठीत धरून बघितली आणि मान हलवली. "गोळा बसलाय गं. साधा न्हवं, जुना. पार खोल गेलाय. म्या मिठाच्या पुरचुंडीनं शेकते, मऊ करते, आन् जोर लावून वर सरकवते. गुडघ्याच्या वर गेला की इरघळतो."

वर सरकवते. तिचे तेच शब्द होते. आज ते आठवले की माझ्या पाठीवर काटा उभा राहतो. पण तेव्हा मला त्याचा अर्थ कळला होता असं मी म्हणणार नाही. पुढं गावानं तसं पसरवलं, पायाळूला दिसलं म्हणून, पायाळूला भुईतलं पाणी दिसतं तसं रक्तातलं दिसलं म्हणून. काही दिसलं नव्हतं. मला फक्त अक्काचं किंचाळणं ऐकू येत होतं आणि ते पुन्हा ऐकायचं नव्हतं. मी म्हणालो, "चोळायचं न्हाई." ठकूमावशी पुरचुंडी बांधत राहिली. मी पुन्हा म्हणालो. तिनं ऐकलंच नाही. मग ती चुलीवर तवा ठेवायला बाहेर आली, तेवढ्यात मी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवा झालो. डोकं एका चौकटीला, पाय दुसऱ्या चौकटीला. आत अक्का, बाहेर सगळे.

आमच्यात माणसाला ओलांडत नाहीत. ओलांडलं की त्याचं आयुष्य कमी होतं, आणि ओलांडणाऱ्यालाही पाप लागतं. ठकूमावशी गरम पुरचुंडी घेऊन आली आणि माझ्यापाशी थबकली.

"ऊठ मुडद्या."

"न्हाई."

"आरं, जन्मताना तुजे पाय पयले म्या धरले. तेच पाय आज मला आडवे घालतूस व्हय?"

"व्हय. घालतो."

"लाथंचा वैद्य झाला मोटा! बाईच्या दुखन्यातलं तुला काय कळतंय?"

"काय न्हाई कळत. वलांड मला आन् जा."

ती नाही ओलांडू शकली. आई आली, तिनं माझा दंड ओढला, पाठीत धपाटे घातले, मग रडली. आतून अक्का म्हणत होती, "आरं ऊठ, लोक काय म्हंत्याल." मी चौकट धरून ठेवली. माझा हट्ट तेव्हाही असाच होता, आताही असाच आहे, त्याची मला लाज नाही. पुरचुंडीतलं मीठ गार होत गेलं. बाहेर पहिल्यांदा गडगडलं.

तात्या, म्हणजे माझे वडील, पडवीत सुताडा, म्हणजे बारीक दोरी, वळत बसले होते. ते कमी बोलणारे. बायकांच्या दुखण्यात त्यांनी कधी तोंड घातलं नाही. मी पडल्या पडल्या ओरडलो, "तात्या, बैलाचा पाय आसा तापला आसता तर चोळू दिला आसता का?"

आमच्या ढवळ्याचा पाय मागं असाच सुजला होता. तेव्हा तात्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. त्याला औताला जुंपला नव्हता आणि सरळ जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं होतं.

"माजी पोर काय बैल हाय?" आई कडाडली.

तात्यांनी सुताडा खाली ठेवला. "बैल आसता तर सकाळीच न्हेला आसता," ते म्हणाले, आणि उठून गाडीला जू चढवायला गेले.

गाडीत कडबा टाकला, वर गोधड्या. अक्काला उचलून ठेवली, आई शेजारी बसली, तात्यांनी कासरे धरले. मी चढायला गेलो तर आईनं हात आडवा केला. आभाळ तोवर पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत एकच झालं होतं, शेणानं सारवलेल्या भिंतीसारखं, आणि त्यात विजेच्या भेगा पडत होत्या. पाऊस नव्हता. नुसती कोरडी वीज.

"तू न्हाई यायचंस."

"मी येनार."

"तुज्यावर पडली तर गाडीत दोन जीव हायेत. तीन. माज्या पदरात दोगंबी हायेत रं, कुनाकुनाला झाकू?"

तिचं म्हणणं मला पटलं. आज कुणाला हसू येईल, पण मला तेव्हा पूर्ण पटलं, कारण मी पायाळू होतो आणि वीज माझी होती. घरात बसून राहणंही मला जमणार नव्हतं. म्हणून मी गाडीत बसलो नाही आणि मागंही राहिलो नाही. गाडी कालव्याच्या रस्त्यानं निघाली आणि मी बाजूच्या मोकळ्या ढेकळांतून, गोफणीच्या टप्प्याबाहेर अंतर ठेवून, तिच्या बरोबरीनं चालायला लागलो. पडायची तर माझ्या एकट्यावर पडावी. सगळं रान उघडं, नांगरून टाकलेलं, त्यात उभा असा मी एकटाच. वीज चमकली की माझी सावली ढेकळांवर एकदम काळी पडायची आणि जायची. अंगावरचे केस उभे राहत होते. मी चालत होतो.

अक्का गाडीतून हाका मारत होती. वीज चमकली, गडगडाट झाला, की गाडीकडून आवाज यायचा, "लहान्याऽऽ!" आणि मी ओरडायचो, "होऽऽ!" म्हणजे मी आहे. परत चमकायचं, परत तिची हाक, परत माझा हो. एकदा मी ओरडलो, "तुजा लाथंचा वैद्य जित्ता हाय!" तर तिचं हसणं ऐकू आलं. गाडीच्या चाकांचा खडखडाट, बैलांचं फुसफुसणं, आईचं देवाचं नाव घेणं, सगळं वाऱ्यावर तुटक तुटक येत होतं. राहुरीचे दिवे लांबून दिसायला लागले. कालव्याच्या पुलाशी गाडी उतारावर दणकत खाली गेली आणि पुढच्या चढाला लागली.

वीज चमकली. हाक आली नाही.

मी थांबलो. पुन्हा चमकली, अगदी जवळ, कानात शिसं ओतल्यासारखा आवाज झाला. हाक नाही. मीच ओरडलो, "अक्काऽऽ!" काही नाही. मग आईचा आवाज आला, पण तो मला उद्देशून नव्हता. मी जिवंत असेपर्यंत तो आवाज विसरणार नाही. मी अंतर बिंतर सगळं सोडून ढेकळांतून गाडीकडं पळत सुटलो.

अक्का बसती झाली होती. दोन्ही हातांनी छाती धरून श्वास ओढत होती, विहिरीवरचं इंजिन हवा ओढतं तसा, पण श्वास आत जात नव्हता. ओठ जांभळे. मला पाहून तिनं हातानं खूण केली, लांब हो. विजेची. तशातही तिला माझी वीज आठवत होती. मी चाकावर पाय देऊन आत चढलो, तिचा डावा पाय दोन्ही हातांत उचलून माझ्या मांडीवर घेतला आणि हलू नये म्हणून धरून बसलो. आईनं मला बाहेर ढकललं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. तात्यांनी जन्मात पहिल्यांदा बैलांना पराणी टोचली.

राहुरीच्या दवाखान्यात त्यांनी पाहिलं आणि लगेच नगरला न्यायला सांगितलं. एका भल्या माणसानं ट्रक दिला. नगरला मोठ्या दवाखान्यात तिला नळी लावली, सुया टोचल्या. उजाडल्यावर एक डॉक्टर आम्हाला भेटायला आले. तरणे होते, डोळे तांबारलेले. ते म्हणाले, पायात रक्ताची गुठळी झाली आहे. तिचा लहानसा तुकडा सुटून वर छातीत गेला. मोठी गुठळी अजून पायातच आहे. ती सुटली तर आम्ही काही करू शकणार नाही. रक्त पातळ व्हायची इंजेक्शनं चालू केली आहेत, पाय हलवायचा नाही, पुढं बघू.

"वर," मी मनात म्हणालो. "वर सरकवते."

मग त्यांनी विचारलं, "हा पाय कुणी चोळलाय का?"

तात्या भुईकडं पाहत होते. खाटेवरून अक्काचा आवाज आला, तुटका, पण स्पष्ट. "कुनी न्हाई, सायेब."

आई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, पदर सारखा केला, आणि डॉक्टरांच्या समोर जाऊन उभी राहिली. माझा ताठा कुठून आला असं लोक विचारतात, तर तो तिथून आला.

"म्या चोळला," ती म्हणाली. "रोज चोळला. बरं वाटावं म्हनून चोळला. आता काय करायचं त्येवडं सांगा."

डॉक्टरांनी तिला बोल लावला नाही. ते म्हणाले, "मावशी, दोन्ही पाय सारखे असते तर काहीच बिघडलं नसतं. आता एवढंच करा. त्या पायाला हात लावू नका. तिनं कितीही म्हटलं तरी."

अक्का वाचली. बाळंतपणही तिथंच झालं, पोरगी झाली, आणि तीही वाचली. अक्काचा तो पाय मरेपर्यंत दुसऱ्याहून जाड राहिला. पण ते सगळं पुढचं. मधले ते दिवस कुणाला माहीत नव्हते, कुठल्या क्षणी काय सुटेल आणि वर जाईल. रोज दिवेलागणीला, घरी तेल चोळायच्या वेळेला, अक्काचा पाय ठणकायला लागायचा. ती आधी दात आवळून धरायची, मग कण्हायची, आणि शेवटी लहान पोरीसारखी म्हणायची, "आई, जरा हात फिरव गं. जरासाच." आणि आई खाटेजवळ भुईवर, दोन्ही हात काखेत गच्च दाबून, बसून राहायची.